पाककृतींचा डबा आणि रोजचं 'आज काय करायचं': एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या माहेरचं आहे. घरातल्या सगळ्यांना विचारूनच लिहितेय, नाव कुणाचंच देत नाहीये आणि ज्यावरून घर ओळखू येईल ते सगळं गाळलंय, बाकी जे झालं ते तसंच.

घरात पाच माणसं. आई ७८ ची, दादा, वहिनी, भाचा १७ चा आणि भाची ११ ची. मी दर दुसऱ्या शनिवार-रविवारी जाणारी. चाळीस वर्षं स्वयंपाकघर आईच्या हातात होतं, मग आधी मोतीबिंदू झाला आणि नंतर हाताला कंप सुटला, गरम भांडं एकदा हातातून निसटलं आणि त्या दिवसानंतर ती ओट्यापाशी उभी राहायची थांबली. सगळं वहिनीवर आलं. वहिनीची नोकरी शिफ्टची, आठवड्यातले तीन दिवस घरी यायलाच आठ वाजतात. दादा करतो पण त्याला सांगावं लागतं काय करायचं ते.

आईच्या पाककृती एका पत्र्याच्या डब्यात. दोन वह्या, एका जुन्या डायरीची सुटी पानं, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं, पाकिटांवर लिहिलेलं, मासिकातली कात्रणं. सगळं मिळून २१२ कागद निघाले. याशिवाय मोठ्या काकूच्या कृती व्हॉइस नोटमध्ये होत्या. काकू गेली, त्यानंतर वर्षभरानं वहिनीनं फोन बदलला आणि त्या सगळ्या नोट्स गेल्या. नऊ-दहा होत्या. कुणाची चूक म्हणून सांगत नाहीये, बॅकअप आहे असं सगळ्यांनाच वाटत होतं आणि कुणीच उघडून बघितलं नव्हतं. पण काकूचा आवाजही त्यातच होता, ते आम्हाला फार लागलं. खरं काम तिथून सुरू झालं.

समस्या

आम्ही तेव्हा समस्या अशी मांडली: पाककृती नीट लावायच्या म्हणजे रोज काय करायचं हा प्रश्न सुटेल. २१२ कृती हाताशी असल्या की मग अडचण कसली?

हीच मांडणी चुकली, आणि ते कळायला आम्हाला जवळजवळ चार महिने लागले. वहिनी पहिल्याच आठवड्यात बोलली होती, "मला करायचा कंटाळा नाही गं येत, ठरवायचा येतो. आठ वाजता दारात चप्पल काढताना डोक्यात तेच असतं." मी ते ऐकलं आणि वाटलं की हिला निवडायला जास्त पदार्थ हवेत. तिला खरं तर कमी हवे होते.

म्हणजे या घरात दोन वेगळ्या गोष्टी अडकल्या होत्या. एक, आईच्या हातचं जे आहे ते हरवायच्या आत उतरवून ठेवणं. दोन, थकलेल्या माणसाला रात्री साडेआठला पाच जणांच्या पानात काहीतरी बरं वाढता येणं. पहिल्याला घाई नको असते, त्यात मूळ शब्द, डाग, खाडाखोड सगळं महत्त्वाचं. दुसऱ्याला यातलं काहीच नको, त्याला वेळ आणि घरात काय आहे एवढंच कळायला हवं. आम्ही दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबलं.

पुढे काय काय पर्याय होते

बसून चार पर्याय काढले.

पहिला, पाककृतींचं मोबाइल अ‍ॅप. माणसांच्या संख्येप्रमाणे प्रमाण बदलून मिळतं, खरेदीची यादी आपोआप होते. आठवडाभर वापरून बघितलं. एक अडचण अशी आली जी मला आधी सुचलीच नव्हती, ती शोधण्याची. आई लिहिते 'जिरं', वहिनी टाइप करते 'जिरे', भाचा 'जीरे', आणि अ‍ॅपला हे तीन वेगळे पदार्थ वाटतात. कोथिंबीर ऱ्हस्व-दीर्घात अशीच हरवायची. हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो काढून त्यातनं मजकूर उचलायचाही प्रयत्न केला, आईच्या जोडाक्षरांपुढे त्याचं काही चाललं नाही. आणि आईला त्या स्क्रीनवरचं काही वाचता येत नव्हतं, म्हणजे जिची विद्या तीच बाहेर.

दुसरा, एक्सेलची शीट. फुकट, कुठेही उघडते, पण ओल्या हाताने कोण उघडणार.

तिसरा, सगळं नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवणं. आईला हाच आवडला होता. पण वही एकच, ती हरवली की परत तेच.

चौथा, छापून पुस्तक करून घेणं. दादाचं मन यावर होतं, आईला भेट म्हणून. मी विरोध केला, कारण अजून कुठल्या कृतीचं काय खरं तेच माहीत नव्हतं, छापलं की चूक पक्की होते.

शेवटी ठरलं ते असं: कागदांचे फोटो, मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये (कुठलंही अ‍ॅप बंद पडलं तरी उघडणार अशी), आणि त्यातनंच महिन्याचा जेवणाचा तक्ता. पहिले दोन निर्णय आजही बरोबर वाटतात. तिसरा चुकला.

कागद वाचवले ते कसे

भाच्याचं म्हणणं होतं सगळं लॅमिनेट करून टाकू. मी नको म्हटलं. लॅमिनेशनमध्ये उष्णतेनं आणि गोंदाने कागद कायमचा चिकटतो, परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नाही, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते. फाटलेली पानं तशीच्या तशी एकेका कागदी पाकिटात ठेवली, पाकिटावर पेन्सिलीने नंबर.

फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढले, फ्लॅश बंद ठेवून, कारण तेलकट पानावर फ्लॅश चमकतो आणि अक्षरच जातं. तेलाने पारदर्शक झालेल्या पानातनं मागच्या बाजूचं लिखाण दिसत होतं, त्यासाठी पानाखाली काळा कागद ठेवला की मागचं दिसायचं जवळजवळ बंद होतं. हे काम दोन रविवारात उरकलं. मग तीन प्रती: एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक माझ्याकडे म्हणजे घराबाहेर. काकूच्या नोट्सचा धडा लक्षात ठेवून दर तीन महिन्यांनी माझ्याकडची प्रत उघडून पाच फाइल बघायच्या असं ठरवलं, आणि ते भाची न चुकता करून घेते.

पहिला तक्ता आणि तो का कोसळला

आता चुकलेली गोष्ट. मी घरी बसून मोठ्या हौशीनं तक्ता केला. सात दिवस, रोज तीन वेळा, २१ खाणी, कुठलाच पदार्थ महिन्यात दोनदा येणार नाही असा. रंगीत प्रिंट काढून फ्रीजवर लावला. नवव्या दिवशी तो बंद पडला.

मंगळवारी वाटणाची भाजी लिहिलेली, जिला दीड तास लागतो, आणि मंगळवार हा वहिनीचा उशिराचा दिवस. त्या रात्री अंडी उकडून भात केला. पण वाटणासाठी आणलेलं सगळं फ्रीजमध्ये राहिलं, ते बुधवारी ढकललं, बुधवारचं गुरुवारी ढकललं, गुरुवारची पालेभाजी शनिवारी काळी पडून बाहेर गेली. एक दिवस चुकला की तक्त्यातले पुढचे सगळे दिवस खोटे होत गेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वहिनीला फ्रीजकडे बघितलं की अपराधी वाटायला लागलं, तिनं मला ते फार उशिरा सांगितलं.

शिवाय वहीतली प्रमाणं १२ माणसांची, कारण तेव्हा घर एकत्र होतं. मी सरळ भागाकार करून पाच माणसांची केली. मीठ-तिखट साधारण जमलं पण रस्से आटायचे. पाणी किती उडतं हे भांड्याचं तोंड किती रुंद आणि किती वेळ गॅसवर आहे त्यावर असतं, माणसांच्या संख्येवर नाही. १२ जणांच्या पातेल्यातलं पाणी पाचाने गुणून बाराने भागून लहान कढईत घातलं की ते बुडाला लागणारच.

राजम्याची गोष्ट

यातला सगळ्यात गंभीर प्रसंग हा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिसऱ्या महिन्यात भाच्याने हौसेनं स्वयंपाक करायचं ठरवलं. पाकीट नंबर ४७, राजमा. कागदावर आईच्या अक्षरात: "रात्री भिजत घालावा. सकाळी मंद आचेवर मऊ होऊ द्यावा. मग फोडणी." त्यानं शब्दशः तेच केलं, फक्त मंद आच म्हणून स्लो कुकर वापरला, भिजवलेला राजमा त्याच पाण्यासकट थेट त्यात. दाणे थोडे कचकचीत राहिले पण चव छान होती. जेवणानंतर दोनेक तासांत दोन्ही मुलांना आणि दादाला उलट्या सुरू झाल्या, नंतर जुलाब. रात्रीपर्यंत उतरलं, डॉक्टरांना फोनवर विचारलं होतं, पण घर हादरलं.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन (पोटाला बाधणारं एक प्रथिन) असतं, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या दाण्यात ते इतकं असतं की चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. ते नष्ट व्हायला खळखळ उकळी लागते, निदान १० मिनिटं, अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन तर ३० मिनिटं सांगतं. स्लो कुकर पुष्कळदा तेवढ्या तापमानाला जातच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम राहिलं तर विषारीपणा उलट वाढू शकतो. कमीत कमी पाच तास भिजवायचं, ते पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात खळखळ उकळायचं, मग पुढचं.

आईला हे सांगितलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "अगं कुकरच्या शिट्ट्या कोण लिहितं? त्या तर होणारच ना." तिच्या लेखी 'मऊ होऊ द्यावा' म्हणजे आधी प्रेशर कुकर, मग मंद आच. तिनं ती कृती स्वतःसाठी लिहिली होती, आणि स्वतःला माहीत असलेलं कुणी लिहीत नाही.

माझ्यासाठी हा वळणाचा क्षण. तोवर मला वाटत होतं की कागद म्हणजे पाककृती. कागद म्हणजे आठवणीसाठी मारलेली गाठ, पाककृती अजून आईकडेच होती.

निर्णय बदलला

त्या रविवारी वहिनी, दादा आणि मी बसलो. पर्याय तीन होते: सगळं सोडून द्यायचं आणि जसं चाललंय तसं चालू द्यायचं (दादा याच मताचा होता), किंवा सगळ्या २१२ कागदांची आईकडून तपासणी करून घ्यायची, किंवा दोन कामं तोडायची. वहिनीच म्हणाली, "आईंचं ते जपायचं आहे. माझं ते रोजचं आहे. माझ्या रोजच्याचं ओझं त्यांच्यावर कशाला, आणि त्यांचं माझ्यावर कशाला?"

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी केल्या. एक 'जपणूक', यात आईची कृती जशी आहे तशी, बारा माणसांची, तिच्या शब्दांत. दुसरी 'रोजची यादी', यात फक्त असे पदार्थ जे या पाच जणांना आवडतात आणि वहिनी किंवा दादा वही न उघडता करू शकतात. एकातून दुसऱ्यात काही नेताना ते आधी निदान दोनदा करून बघायचं, असा एकच नियम.

आईच्या हातातलं उतरवताना

आई पुन्हा ओट्यापाशी आली, पण खुर्ची टाकून, आणि हात वहिनीचे किंवा भाच्याचे. पहिल्यांदा आम्ही तिला विचारत होतो, "किती घालू?" आणि ती म्हणायची, "घाल की बेताचं." मधेमधे थांबवून चमच्याने मोजायला लागलो तर तिची लय तुटायची, वैतागायची, आणि थांबवल्यावर घातलेलं प्रमाण तिचं नेहमीचं नसायचंच.

मग एक युक्ती सापडली, बाकी काही घेतलं नाहीत तरी ही घ्या. मिठाचा डबा, तिखटाचा डबा, तेलाचं भांडं यांचं स्वयंपाकाआधी वजन करून लिहून ठेवायचं. मग तिला हवं तसं घालू द्यायचं, एका शब्दानं टोकायचं नाही. सगळं झालं की परत वजन. जो फरक तो पातेल्यात गेला. मिठासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो.

एकच भाजी तिच्याकडून तीनदा करून घेतली: मीठ १४, ११ आणि १३ ग्रॅम. मी म्हटलं हे तर बदलतंय, सरासरी काढू. आई म्हणाली, "त्या दिवशी टोमॅटो आंबट होते ना." म्हणजे ती प्रमाण घालत नव्हती, कशाशी तरी मेळ घालत होती. त्यामुळे आता आकड्याशेजारी तिची खूणही लिहितो: 'आंबट लागलं तर मीठ जरा चढतं', 'तेल कडेला सुटलं की', 'वास कच्चा राहायला नको'. नुसता आकडा लिहिला असता तर कृती अर्धीच उतरली असती.

आणि वाटी! वहीत जागोजागी 'एक वाटी', कुठली वाटी ते कुठेच नाही. घरात सहा आकाराच्या वाट्या. आईला विचारलं तर म्हणाली जुनी, काठ दुमडलेली. ती पिठाच्या डब्यात माप म्हणून पडलेली सापडली. काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं, १६५ ग्रॅम पाणी बसलं, पाण्याचा ग्रॅम म्हणजे मिलिलिटर, म्हणजे आईची वाटी १६५ मिलिलिटरची. या एका आकड्याने तीसेक कृती एकदम सरळ झाल्या. कात्रणांमधल्या 'कप'चं वेगळं प्रकरण, अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटर आणि मेट्रिक कप २५०, त्यामुळे कात्रण कुठलं ते कळेपर्यंत त्याला हात लावला नाही.

रोजची यादी

यात मी तक्ता केला नाही, वहिनीने केला, आणि तिने पदार्थांपासून सुरुवातच केली नाही. आधी लिहिलं: त्या संध्याकाळी ओट्याशी कोण, आणि त्याच्याकडे मिनिटं किती. तीन उशिराचे दिवस, २५ मिनिटं. दोन मधले दिवस, ४५. एक सुट्टीचा, हवं तेवढं. आणि खरेदीच्या आदल्या दिवशी 'उरलंसुरलं', त्या दिवशी नवीन काही करायचंच नाही. फक्त रात्रीचं जेवण. सकाळचं आणि दुपारचं तक्त्यातून काढून टाकलं, ते आपोआप होत होतं, मीच उगाच त्यात घुसले होते.

प्रत्येक दिवसाला पदार्थ नाही, प्रकार. 'कडधान्य', 'भातावर काहीतरी', 'सूप आणि अंडी' असं. नेमकं काय ते आदल्या रात्री ठरतं, दोन मिनिटांत, कारण भिजवायचं असेल किंवा फ्रीझरमधलं खाली फ्रीजमध्ये उतरवायचं असेल तर ते तेव्हाच करावं लागतं. यादीत म्हणून एक रकाना आहे 'आदल्या रात्री'. मला विचाराल तर सगळ्या तक्त्यात कामाचा रकाना हाच.

वेळ घड्याळ लावून मोजली, चिरण्यापासून वाढेपर्यंत. वहीत 'झटपट' लिहिलेल्या एका भाजीला ५५ मिनिटं लागली. एकत्र घरात चिरायला चार हात होते, ते वहीत दिसत नाहीत.

उरलेल्याच्या दिवसामुळे भाताचा एक नियम करावा लागला. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर कोमट राहिला की वाढून विष तयार करतात, जे परत गरम करूनही जात नाही. म्हणून भात उरला की पसरट ताटात मोकळा करून लवकर निववायचा, तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाकी शिजवलेलं तीन दिवस, डब्यावर तारीख. फ्रीज ५ अंशांच्या खाली आहे ना ते बघायला एक थर्मामीटर आत ठेवलाय.

मिठावरून झालेला वाद

सहाव्या महिन्यात दादाचा रक्तदाब वाढलेला निघाला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, सगळं धरून. आईची ती १४ ग्रॅमची भाजी पाच जणांत वाटली तर माणशी २.८ ग्रॅम एका भाजीतनंच.

वहिनीने हळूहळू उतरवलं, १४ वरून १२, मग १०, मग ९, दर दोन आठवड्यांनी एक पायरी. मुलांच्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. ती जेवताना काही बोलली नाही, नंतर मला म्हणाली, "मग ती माझी राहिली नाही ना गं." तेव्हा मला दोन कामं वेगळी केल्याचं खरं समाधान वाटलं, कारण मी तिला उघडून दाखवू शकले: जपणुकीत तुझे १४ ग्रॅम तसेच आहेत, तुझ्या नावाने, कुणी बदलणार नाही. रोजच्या यादीत ९ आहेत, ते दादासाठी. ती थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली त्या नऊवाल्यात शेवटी लिंबू पिळायला सांग, उणं भासणार नाही. यादीत आता तसं लिहिलंय.

पण हाच उत्साह दादाने लोणच्यात दाखवला, निम्म्या मिठावर घातलं, कुणाला न सांगता. तीन आठवड्यांत वर बुरशी. अख्खी बरणी टाकली, वरवरची काढून खालचं खायचं नाही, ओलसर पदार्थात बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते. भाजीतलं मीठ चवीला असतं, लोणच्यातलं टिकवायला. म्हणून जपणुकीत आम्ही तांबड्या पेन्सिलीची खूण सुरू केली, जे प्रमाण किंवा जी पायरी चवीसाठी नसून सुरक्षिततेसाठी आहे तिला. लोणच्याचं मीठ, राजम्याची उकळी, आणि तेलात बुडवून ठेवायचा लसूण, जो वहीत 'बाहेर ठेवावा' लिहिलाय पण बोट्युलिझमच्या (जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) धोक्यामुळे फ्रीजमध्येच ठेवायचा आणि तीन-चार दिवसांत संपवायचा. इथे मात्र आईचे शब्द तसेच ठेवून शेजारी तांबड्यात दुरुस्ती लिहिली. तिला विचारून.

चौदा महिन्यांनंतर काय स्थिती

२१२ कागदांपैकी ४१ त्याच कृतीच्या दुसऱ्या प्रती निघाल्या. त्यातल्या फरकांवरून आई कधी काय बदलत गेली ते कळतं, म्हणून त्याही टाकल्या नाहीत. घरातल्या कुणालातरी परत खायचं आहे अशा ६३. वजनासकट आणि आईच्या खुणांसकट पूर्ण उतरलेल्या ३८. रोजच्या यादीत २६, त्यातल्या ११ आईच्या, बाकी वहिनीच्या माहेरच्या आणि इकडून तिकडून शिकलेल्या. वहिनीच्या माहेरच्या आधी यादीत एकही नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

टाकलेलं अन्न दोनदा आठवडाभर मोजलं. पहिल्या तक्त्याच्या वेळी १.९ किलो, वर्षानंतर ०.६ किलो, साली-देठ सोडून. एका आठवड्याचं मोजमाप म्हणजे काही पक्का पुरावा नाही, पण डोळ्याला फरक दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगात वाया गेलेल्या १०५ कोटी टन अन्नापैकी जवळपास ६० टक्के घरांमधलं होतं, ते वाचताना मला तो काळा पडलेला पाला आठवत होता.

वहिनी आता सांगते की चप्पल काढताना डोक्यात दुसरं काहीतरी असतं. भाचा राजमा परत करतो, मोबाइलवर टायमर लावून.

आज परत केलं तर

सगळ्यात आधी आईचा आवाज आणि हात रेकॉर्ड केले असते. कागद चाळीस वर्षं टिकले होते, अजून सहा महिने टिकले असते, आई मात्र त्या सहा महिन्यांत आणखी थकली. आम्ही उलट्या क्रमाने गेलो.

२१२ पासून सुरू केलं नसतं. घरातल्या प्रत्येकाला दोन पदार्थ विचारले असते, दहा झाले असते, आणि त्या दहांचं आईबरोबर बसून पूर्ण काम केलं असतं.

तक्ता करायच्या आधी वहिनीच्या आठवड्याचा कागद मागितला असता. मी बाहेरून येऊन फ्रीजवर प्रिंट लावणारी, निभावायचं तिला होतं. तिनं तोंडावर नाही म्हटलं नाही याचा अर्थ तिला ते पटलं असा मी घेतला.

एका निर्णयाबद्दल अजून एकमत नाही. दादाला वाटतं आता पुस्तक छापावं, ३८ तर ३८. मला वाटतं अजून थांबावं, कारण उरलेल्या २५ पैकी निम्म्या आईशिवाय उतरणारच नाहीत आणि पुस्तक आलं की सगळ्यांना काम संपल्यासारखं वाटेल. वहिनीने मधला मार्ग काढलाय, सुट्टीच्या दिवसाचं जे 'हवं तेवढं' जेवण आहे त्यात दर आठवड्याला जपणुकीतली एक उरलेली कृती. येत्या रविवारी पाकीट १३०. त्यावर पदार्थाचं नाव नाहीये, फक्त "मागच्या वेळसारखंच, पण पीठ थोडं कमी" एवढंच. आईने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, वास घेतला आणि म्हणाली, करायला घ्या, हाताला आठवेल.